कांडी

खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, "वयस्सु एष्टु?"
आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो.
थोरले काका म्हणाले अठ्ठ्याऐंशी,
सरूआत्या म्हणाली छे, चौऱ्याण्णव तरी.
मी मोबाईलमध्ये तुझं आधार कार्ड शोधत होते,
ज्याच्यावर सरकारनं तुला
एक जानेवारीला जन्माला घातलं होतं.

मला तू सांगितलं होतंस एकदा, सूत उकलता उकलता,
"प्लेग हटला, माणसं माळावरनं घरात आली,
त्याच्या दुसऱ्या पावसात मी."
कुठला प्लेग, ते सांगायला
कोणी उरलं नव्हतं.

नावंही कागदागणिक वेगळी.
रेशनवर तुळसव्वा, मतदार यादीत तुलसी बाय,
विणकर सोसायटीच्या पासबुकात तुळसाबाई रामू ढोपे
आणि पुढं अंगठा.
चार पानं उलटली की अंगठ्याच्या जागी सही,
पावसात सापडलेल्या मुंग्यांसारखी,
साठीत शिकलेली, तीही कन्नडात,
कारण शिकवणारी शेजारची महादेवी होती.
काकांनी त्यावरनं घर डोक्यावर घेतलं.
दुसऱ्या दिवशी मोर्चा होता, त्यांच्या खिशाला बिल्ला.
तू माग थांबवला नाहीस.
"धोटा हिकडनं जातोय, तिकडनं येतोय.
एकाच अंगानं कापड हुतंय काय रे?"

आजोबा गेल्यावर तेराव्याचं जेवण उरकलं
आणि तू रहाट आत्याकडं सरकवून
मागाच्या खड्ड्यात उतरलीस.
बाईनं उतरायचं नसतं, असं म्हणणारे
ओसरीवर चहा पिऊन गेले.
त्यानंतरची चाळीस वर्षं
तू कमरेपर्यंत जमिनीत होतीस.
आम्ही शाळेतनं यायचो ते तुझ्या डोक्याच्या उंचीला,
दप्तर टाकून खड्ड्याच्या काठावर बसायचो
आणि तू न बघता विचारायचीस, "जेवलाव काय?"
ताणा मोजायचीस कन्नडात,
आम्हाला शिव्या मराठीत,
आणि मंगाईच्या जत्रेत, गर्दीत चेंगरत,
देवीशी काय बोलायचीस, कशात बोलायचीस,
कळायचं नाही. ओठ तेवढे हलायचे.

नाल्याचं पाणी वडगावात शिरलं त्या ऑगस्टात
खड्डा काठोकाठ भरला, आणि वर तरंगत आल्या
कांड्या, कंगवा, कोणाचं तरी खुळखुळं.
सगळे पत्र्यावर चढलेले.
तू पायरीवर बसून म्हणालीस, "बादली द्या की कोणतरी."

दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस
तुझी बोटं चादरीवर काहीतरी शोधायची.
नर्सला वाटलं तू सलाईन ओढूलाईस,
तिनं मनगटं बांधायला पट्टी आणली.
मी म्हटलं थांबा,
आणि माझ्या ओढणीचा एक धागा तोडून
दोन टोकं तुझ्या चिमटीत दिली.
डोळे मिटलेले.
गाठ बसली. इतकी बारीक
की मला ती नखानंच सापडते.
मग तू म्हणालीस, "साकु."
बास.
मला म्हणालीस का धाग्याला, ठाऊक नाही.

"एष्टु?" कारकुनानं पुन्हा विचारलं.
ब्याण्णव, मी म्हटलं. कोणी काही बोललं नाही.
दाखला आला तो पाचव्याच नावाचा,
तुळजाबाई.
आत्या म्हणाली, दुरुस्ती करून घेऊया गे,
आणि आम्ही पुन्हा रांगेत उभं राहिलो,
मग जेवायची सुट्टी झाली, खिडकी मिटली.

बाहेर गाड्यावर चहा घेतला.
काकांनी दाखला घडी न घालता काखेत धरलेला,
दुसऱ्या हातानं खिशातली चिल्लर काढून
गाड्याच्या फळीवर ठेवत होते एकेक नाणं,
ओठांतल्या ओठांत,
ओंदु, येरडु, मूरु.